जिनच्या धुळीत नॅनोफायबरचा मास्क: एका हंगामाचा अनुभव

हिंगणघाटच्या बाजूला असलेल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी अठरा वर्षांपासून कापसाची प्रतवारी करतो. गाडी गेटमधून आत आली की कापसात हात घालायचा, कवडी (डागी, किडका कापूस) किती, पत्ती किती, ओल किती हे पाहायचे, चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत ओढून धाग्याची लांबी काढायची आणि भाव सांगायचा, हे माझे काम. या कामात डोळ्यांइतकाच आणि बोटांइतकाच नाकाचाही उपयोग होतो, कारण भिजून आतून तापलेला कापूस दिसण्याआधी वासाने कळतो. तेच नाक दिवाळीपासून होळीपर्यंत धुळीने भरलेले असते. म्हणून गेल्या हंगामात तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात काउंटरवर ‘नॅनोफायबर’ (अतिशय बारीक धागा) असे लिहिलेले मास्कचे पाकीट दिसले, तेव्हा मी ते घेतले आणि चार महिने स्वतः वापरले, जिनमधील पाच-सहा जणांनाही वापरायला दिले. बनवणाऱ्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या तक्रारींपैकी काही कंपनीच्या आहेत, काही दुकानदाराच्या बोलण्याच्या आहेत आणि त्या दोन्ही वेगळ्या करणे मला नेहमीच जमलेले नाही.

पाकिटात पाच मास्क होते आणि एक मास्क मला सव्वाशे रुपयांना पडला. मेडिकलमध्ये दहा रुपयांना मिळणाऱ्या निळ्या मास्कच्या तुलनेत ही किंमत भारी आहे आणि दिवसाची मजुरी ज्यांच्या हातात मोजून पडते त्यांना ती जास्तच भारी वाटते. दुकानदाराने त्याच कंपनीचे पाणी गाळण्याचे एक नळकांडेही दाखवले. त्यातील जाळी याच धाग्याची असल्याचे सांगून त्याने पुढे असेही सांगितले की, हाच माल आता विजेच्या गाड्यांच्या बॅटरीतही वापरतात. नळकांडे मी नंतर घेतले. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी धुळीबद्दल. जिनच्या हॉलमध्ये ओळीने डीआर, म्हणजे दोन रोलरची, मशीन चालतात. चामड्याच्या चकत्यांचे दोन रोलर एकमेकांकडे फिरतात, सुरीच्या कडेला रुई खेचली जाते आणि सरकी खाली पडते. कापसासोबत आलेली वाळकी पाने, बोंडाखालच्या पात्यांचा भुगा, माती, तुटलेले आखूड धागे आणि रोलरच्या चामड्याची झीज हे सारे या खेचाखेचीत हवेत उडते. डोळ्यांना दिसतो तो उडता कापूस. भिंतीवर, दिव्यावर, भुवयांवर त्याचा थर बसतो. छातीला त्रास होतो तो मात्र न दिसणाऱ्या बारीक भुग्याचा. कापसाच्या धुळीपासून होणाऱ्या श्वसनाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमातील तिसऱ्या अनुसूचीत तो सूचना देणे बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये नोंदवला गेला. या आजाराची खूण अशी की, आठवड्याची सुटी संपवून माणूस पहिल्या दिवशी कामावर आला की त्याची छाती आवळते आणि आठवडा पुढे सरकतो तसे बरे वाटू लागते. दुर्लक्ष केले तर पुढे सुटीनेही फरक पडत नाही. जवसाचे आणि भांगेचे तंतू विंचरणाऱ्या कामगारांच्या खोकल्याची नोंद बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली केली होती. आमच्याकडे त्याला नाव नाही. ‘हंगामाचा खोकला’ म्हणतात आणि गूळ-फुटाणे खातात.

मला या मास्कमध्ये सर्वांत जास्त रस वाटला तो त्याच्या धाग्यामुळे, कारण धाग्याचा बारीकपणा हा माझ्या रोजच्या हिशेबाचा विषय आहे. कापसाचा बारीकपणा आम्ही मायक्रोनेअरमध्ये मोजतो, म्हणजे एक इंच धाग्याचे वजन किती मायक्रोग्रॅम भरते ते पाहतो. आपल्याकडच्या चांगल्या कापसाचा मायक्रोनेअर साधारण चारच्या आसपास येतो. याचा अर्थ असा की, एक ग्रॅम रुईतील सारे धागे टोकाला टोक लावून मांडले तर ते सव्वासहा किलोमीटरच्या थोडे पुढे जातील. मास्कच्या पाकिटावर धाग्याची जाडी २०० नॅनोमीटर लिहिली आहे. कापसाच्या धाग्याची रुंदी बारा ते बावीस मायक्रॉन, म्हणजे बारा ते बावीस हजार नॅनोमीटर असते. प्लॅस्टिकची घनता पाण्याहून किंचित जास्त धरून मी वहीत हिशेब मांडला, तेव्हा अशा एक ग्रॅम धाग्याची लांबी सुमारे साडेसव्वीस हजार किलोमीटर आली. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर आहे, म्हणून मी आकडेमोड दोनदा तपासली. मायक्रोनेअरच्या भाषेत सांगायचे तर कापूस चार असेल तर हा धागा एक हजारांशाच्या जवळ येतो.

येथे मला एक कोडे पडले आणि ते सुटेपर्यंत मास्कवर विश्वास बसेना. मायक्रोनेअर मोजण्याचे यंत्र हवेवर चालते. ठरावीक वजनाचा कापूस नळीत दाबून भरायचा, त्यातून हवा सोडायची आणि हवेला किती अडथळा झाला ते पाहायचे. धागा जितका बारीक तितके त्याचे अंग, म्हणजे पृष्ठभाग, जास्त, तितका हवेला अडथळा जास्त. मग कापसाहून हजारो पटींनी हलका धागा नाकावर बांधला तर श्वास कोंडायला हवा. प्रत्यक्षात हा मास्क मी आजवर वापरलेल्या जाड एन९५ मास्कपेक्षा श्वासाला सोपा आहे. याचे पहिले कारण थराच्या पातळपणात आहे. यंत्रात आम्ही वजनाने ग्रॅम-ग्रॅम रुई भरतो. येथे नॅनोफायबरचा थर इतका पातळ असतो की चौरस मीटरभर कापडावर त्याचे वजन अनेकदा एक ग्रॅमही भरत नाही. दुसरे कारण मला फार आवडले. हवेचा एक रेणू दुसऱ्या रेणूला धडकण्याआधी सरासरी सत्तर नॅनोमीटरच्या जवळपास अंतर जातो. धाग्याची जाडी या अंतराच्या जवळ येऊ लागली की हवा जाड धाग्याला चिकटून घासते तशी त्याला चिकटत नाही, त्याच्या अंगावरून घसरून पुढे जाते. धूळकणाला मात्र धाग्यांच्या दाट जाळ्यातून वाट काढावी लागते आणि तो अडकतो.

चाळणीसारखी केवळ भोकांच्या मापाने धूळ अडते असे समजणे मात्र चुकीचे आहे. मोठा कण हवेबरोबर वळू शकत नाही आणि सरळ धाग्यावर आपटतो. अतिशय लहान कण रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटतो आणि भरकटताना कुठेतरी धाग्याला लागतो. जो कण ना जड ना भरकटणारा, तो सर्वांत जास्त निसटतो आणि त्याचे माप ०.३ मायक्रॉनच्या आसपास येते. म्हणूनच एन९५ या दर्जाची चाचणी या मापाच्या कणांवर घेतात आणि त्यांपैकी किमान ९५ टक्के अडले पाहिजेत अशी अट असते. माझ्या पाकिटावर नुसते ‘९५ टक्के’ छापले आहे. कोणत्या मापाच्या कणांसाठी, ते नाही. भारतीय मानकाचा आयएस ९४७३ हा क्रमांक नाही, एफएफपी१ की एफएफपी२ हा गाळण्याचा दर्जाही नाही. गाठीवर आम्ही वजन, लॉट आणि क्रमांक टाकल्याशिवाय गाडीत चढवत नाही. नाकावर बांधायच्या वस्तूला एवढी मोकळीक का, हे मला समजलेले नाही. एक गुण मी याच ठिकाणी कापला आहे.

हा धागा काततात कसा, तेही थोडे सांगतो, कारण चरख्याच्या वर्धा जिल्ह्यात राहून ते न विचारणे मला जमले नसते. प्लॅस्टिक एखाद्या द्रावकात विरघळवून पातळ पाकासारखे करतात आणि सुईतून थेंबाथेंबाने सोडतात. सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब देतात. आमच्या मोटारींना चारशे चाळीस लागतो, यावरून कल्पना यावी. विजेच्या ओढीने थेंब लांबून शंकूसारखा होतो आणि त्याच्या टोकातून एक बारीक धार सुटते. ती धार हवेत चाबकासारखी वळवळत ताणली जाते, वाटेत द्रावक उडून जातो आणि समोरच्या पत्र्यावर किंवा कापडावर कोरडा धागा येऊन बसतो. यात पिंजणे नाही, पेळू नाही, पीळ नाही. पाहणाऱ्याला जत्रेतील ‘बुढीचे केस’ आठवतील. तिथे साखरेचा पाक फिरवून फेकतात, येथे विजेने ओढतात. ही युक्ती नवी नाही. अँटोन फॉर्महाल्स याला तिचे अमेरिकी पेटंट १९३४ साली मिळाले होते, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत शास्त्रज्ञ पेत्र्यानोव्ह यांनी त्याच पद्धतीने हवा गाळण्याचे कापड तयार केले. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तिथे काम करणाऱ्यांच्या तोंडावर जे पांढरे, पाकळीच्या आकाराचे मास्क दिसतात, ते याच कापडाचे होते. थेंबाचा शंकू का होतो याचे गणित जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये मांडले आणि आजही तो शंकू त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

एक मास्क मी ब्लेडने कापून भिंगाखाली पाहिला. बाहेरचे आणि आतले कापड नेहमीचेच, बियाण्याच्या पिशव्यांना असते तसले न विणलेले पॉलिप्रोपिलीन. त्यांच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा एक पांढरा पापुद्रा होता. भिंगाने त्यात धागा दिसला नाही आणि दिसणारही नव्हता, कारण हा धागा प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक आहे. पापुद्र्याला नखाने घासले तर तो गोळा होऊन सुटून येतो. यावरून पहिला धडा असा मिळाला की मास्क चोळून धुऊ नये, आणि दुसरा असा की खिशात कोंबून ठेवू नये; घडीच्या रेषेवर पापुद्रा आधी फाटतो.

वापराचा अनुभव कार्तिकातील पहिल्या दिवसापासून सांगतो. सकाळी आठ वाजता बांधला, दुपारी जेवायला काढला, पुन्हा बांधला. श्वास मोकळा राहिला, बोलताना आवाज दबला नाही आणि चष्म्यावर वाफ आली ती नाकावरची पट्टी नीट दाबेपर्यंतच. संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर जो काळपट-तपकिरी लगदा आम्हाला वर्षानुवर्षे ओळखीचा आहे, तो त्या दिवशी जवळपास नव्हता. घरी चाचणी घेण्याचे साधन माझ्याकडे नाही, म्हणून मी आठवडाभर मास्कच्या आत नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या मलमलीचा तुकडा ठेवून पाहिला. मधला भाग स्वच्छ राहिला. गालाच्या कडेला, जिथे कड उचलली जाते तिथे, बोटाएवढी मळकी रेघ उमटली. म्हणजे जे काही आत गेले ते कापडातून न जाता फटीतून गेले. मास्कची दोरी कानात अडकवायची आहे आणि हा त्याचा मोठा दोष आहे. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असते तर कड घट्ट बसली असती. माझ्या मिशा बेताच्या आहेत. आमच्या प्रेसवरच्या फिटरच्या मिशा जाड आहेत आणि दाढी आठवड्यातून एकदाच होते; त्याच्या मलमलीवर चारी बाजूंनी चौकट उमटली होती.

फिटरची खरी अडचण वेगळीच निघाली. दुसऱ्या दिवशी मास्क हनुवटीवर उतरलेला पाहून मी विचारले, तर तो म्हणाला, “भाऊ, हे बांधलं का खर्रा कसा खावाचा? अन् खाल्ला तं थुकाचा कुठं?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, खाण्यासाठी दर अर्ध्या तासाला मास्क खाली ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत ९५ काय आणि ५० काय, सारखेच. ज्या बायका सरकीवर आणि कचरा वेचण्यावर काम करतात, त्यांना मात्र मास्क लगेच सोयीचा वाटला. त्या तसाही नाकावरून दुपट्टा घट्ट गुंडाळतात. त्याच्या आत मास्क बांधल्यावर दुपट्ट्याने गालाच्या फटीही दाबल्या गेल्या आणि वरून उडता कापूसही अडला. यातूनच मला पुढची युक्ती मिळाली.

अडचण अशी होती की, हॉलमध्ये तासाभरात मास्कच्या बाहेरच्या अंगावर रुईची लव जमते आणि तिचा नमद्यासारखा थर होतो. नॅनोफायबरच्या थरात धूळ खोल शिरत नाही, पृष्ठभागावरच थांबते, म्हणून झटकली तर बरीचशी निघते. ट्रॅक्टरच्या आणि कारखान्यांच्या काही एअर फिल्टरमध्ये कागदावर हा थर देतात तो याच कारणासाठी. पण लव चिकट असते, झटकून जात नाही, उपटावी लागते, आणि उपटताना वरचे कापड विंचरले जाते. बायकांचा दुपट्टा पाहून मी मास्कवर जुन्या धोतराचा एक पदर शिवून बांधायला सुरुवात केली. तो रोज धुता येतो, लव त्यावरच थांबते आणि आतला मास्क दोनऐवजी सहा-सात दिवस चालतो. कंपनीने असे एक सुती आवरण पाकिटातच द्यावे असे मला वाटते. पाच रुपयांच्या कापडाने सव्वाशेचा मास्क तिप्पट चालतो.

धुण्याबद्दल पाकिटावर ‘पुन्हा वापरता येतो’ असे आहे आणि त्यात तथ्य आहे. नेहमीच्या एन९५ मध्ये मधला थर तुलनेने जाड, एक-दोन मायक्रॉनच्या आणि त्याहून मोठ्या धाग्यांचा असतो आणि त्याला कायमचा विद्युत्भार दिलेला असतो. धूळ बरीचशी त्या भाराने ओढली जाते. साबणाने किंवा स्पिरिटने धुतले की भार उतरतो आणि मास्क दिसायला तसाच राहून आतून कमजोर होतो. नॅनोफायबरची मदार भारापेक्षा धाग्याच्या जाळ्यावर असल्याने त्याला हे नुकसान कमी होते. मी कोमट पाण्यात न चोळता बुडवून सावलीत वाळवला. चार धुण्यांपर्यंत मलमलीवर फरक दिसला नाही. पाचव्या धुण्यानंतर नाकाच्या पट्टीजवळ पापुद्रा सुटलेला उजेडात धरल्यावर स्पष्ट दिसला आणि मी तो टाकून दिला. उजेडात धरून पाहण्याची ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. जिथे पापुद्रा फाटतो तिथे कापड एकदम पारदर्शक दिसते.

आता नाकाविषयी. मास्क बांधून मी एका गाडीजवळ गेलो आणि ओल्या कापसाचा कुबट वास मला नेहमीसारखाच आला. आधी आनंद झाला, कारण माझे काम अडणार नव्हते. नंतर लक्षात आले की ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या अक्षरांत सांगायला हवी. वास म्हणजे रेणू, आणि रेणू या जाळ्यातून निर्धास्त निघून जातात. दुकानात मात्र हा मास्क ‘फवारणीसाठी उत्तम’ म्हणून विकला जात होता आणि माझ्यासमोर एका शेतकऱ्याने त्यासाठीच दोन घेतले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट आमच्याकडे कोणी विसरलेले नाही. फवाऱ्याचे काही तुषार हा मास्क अडवेल, पण औषधाची वाफ अडवणार नाही, आणि तुषारांनी ओले झालेले कापड नाकाशी धरून श्वास घेणे तर अधिकच वाईट. वाफेसाठी सक्रिय कोळशाचे डबे लावलेला रबरी मास्क लागतो. मी त्या शेतकऱ्याला बाहेर गाठून हे सांगितले. दुकानदाराला सांगितले तेव्हा त्याने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यातही फलक तसाच होता.

पाण्याच्या नळकांड्याची कथा त्याच जातीची आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. श्रावणात नळाला गढूळ पाणी येते. ते यातून संथपणे पण काचेसारखे निघाले. बहुतेक जिवाणू ०.२ मायक्रॉनहून मोठे असतात, त्यामुळे जाळीची भोके त्याहून बारीक असतील तर तेही अडतात. भोकांचे माप याही डब्यावर नाही, म्हणून पिण्याचे पाणी आम्ही उकळतोच. मग मी बोअरचे पाणी टाकले. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आधी ७८० आकडा होता, गाळल्यावर ७७६ आला. दोन्ही पाण्यांत डाळ शिजायला सारखाच वेळ लागला. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही इष्ट आणि दुसरी सोय नसल्यास २००० ही कमाल मर्यादा आहे. विरघळलेले मीठ, नायट्रेट आणि फ्लोराइड या जाळीला दिसतच नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात किंवा यवतमाळच्या फ्लोराइड असलेल्या गावांत कोणी हे नळकांडे ‘गोड पाणी देणारे’ म्हणून विकू लागला तर त्याला मीटर लावून दाखवायला सांगावे. फ्लोराइड काढण्यासाठी तुरटी आणि चुना वापरण्याची जी नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केली, तिचे काम वेगळे आहे आणि या जाळीचे वेगळे.

बॅटरीविषयी दुकानदार जे बोलला ते मला आधी थाप वाटले होते, पण ते खरे निघाले, निदान अर्धे. लिथियम बॅटरीत दोन ध्रुवांच्या मध्ये एक सच्छिद्र पडदा असतो. तो विजेला अडवतो आणि आयनांना जाऊ देतो. बाजारातील नेहमीचे पडदे पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असतात. त्यांत पोकळ जागा साधारण चाळीस टक्के असते आणि पॉलिइथिलीन १३० अंशांच्या पुढे वितळू लागते. नॅनोफायबरच्या पडद्यात पोकळी बरीच जास्त ठेवता येते, तो द्रव चांगला शोषतो आणि उष्णता सोसणारे प्लॅस्टिक निवडता येते. याहून नवलाची गोष्ट म्हणजे अ‍ॅक्रिलिकच्या घराण्यातील धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजून नंतर प्राणवायूशिवाय हजार अंशांच्या जवळ तापवला की त्याचा कोळसा होतो आणि तरीही तो धागाच राहतो. कातताना त्यात दुसरे एखादे प्लॅस्टिक मिसळलेले असेल तर तापवताना ते जळून जाते आणि त्याच्या जागी भोके उरतात. अशा सच्छिद्र कोळशाच्या धाग्याला प्रचंड अंग असते आणि त्यावर वीज साठवता येते. आमच्या मास्कमधील धागा मात्र त्या कामाचा नाही; कातण्याची रीत एक, माल वेगळा. मला वैयक्तिक उत्सुकता आहे ती आपल्या कापसाची. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सेल्युलोजचे नॅनो-तंतू तयार करणारा प्रायोगिक कारखाना आहे, आणि आपल्या बांधांवर दरवर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, जाळली जाते तिच्यातही सेल्युलोजच असते.

आता मालकांच्या बाजूची गोष्ट, जी पाकिटावर नाही आणि दुकानदारालाही सुचणार नाही. रुईमध्ये प्लॅस्टिकचा धागा मिसळणे हा आमच्या धंद्यातील सर्वांत मोठ्या तक्रारींपैकी एक आहे. खताच्या पोत्यांचे, सुतळीचे तुकडे कापसात येतात, मशीनमध्ये त्यांचे बारीक धागे होतात, गाठीत जातात, आणि कापड रंगवल्यावर त्या धाग्यांनी रंग धरलेला नसतो. मग सूतगिरणीकडून तक्रार येते. हा मास्क बाहेरून पॉलिप्रोपिलीनचाच आहे आणि कापसासारखाच पांढरा आहे. माघ महिन्यात एका हमालाचा मास्क गंजीवर पडला आणि लोडरच्या फावड्याबरोबर फिडरकडे निघाला. सरकीवरच्या बाईने दोरी पाहून ओरडले म्हणून मशीन थांबवता आले. तेव्हापासून आम्ही प्रत्येक मास्कवर लाल मार्करने मोठी फुली मारतो आणि गेटजवळ टिनाचा डबा ठेवला आहे, त्यात मोजून टाकतो. जिनसाठी विकायचा असेल तर हा मास्क गडद लाल किंवा निळा असायला हवा.

वापरलेल्या मास्कचे पुढे काय करायचे, याबद्दलही पाकीट गप्प आहे. मधला पापुद्रा नायलॉनचा आहे, पीव्हीडीएफ नावाच्या प्लॅस्टिकचा आहे की आणखी कशाचा, हे छापलेले नाही. पीव्हीडीएफमध्ये फ्लोरिन असते, त्यामुळे ते चुलीत किंवा पऱ्हाटीच्या ढिगात जाळणे मुळीच योग्य नाही, आणि आमच्याकडे न विचारता काहीही चुलीत जाते. मी पाकिटावरच्या क्रमांकावर फोन करून विचारले, तेव्हा ‘ट्रेड सीक्रेट’ असे उत्तर मिळाले.

पाचपैकी गुण द्यायचे तर मास्कच्या कापडाला मी साडेचार देईन, त्याच्या बांधणीला दोन आणि पाकिटावरच्या मजकुराला एक. जिनमध्ये, सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या मळणीवर, पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याने तो वरून सुती पदर बांधून जरूर वापरावा. फवारणीला वापरू नये. दम्याचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारावे. पाण्याचे नळकांडे फक्त गढूळपणासाठी घ्यावे आणि घेण्याआधी आपल्या विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्यावे. यंदाच्या हंगामासाठी आमच्या मालकांनी साठ मास्क मंजूर केले आहेत. डोक्यामागून पट्टे असलेला आणि मानकाचा क्रमांक छापलेला नमुना मिळतो का याची चौकशी मी नागपूरच्या दोन दुकानांत करून ठेवली आहे, आणि तोवर आमच्या घरी जुन्या धोतराचे चौकोन कापून, चारी बाजूंनी टीप मारून ठेवण्याचे काम सुरू आहे.